ऑक्टोबरची कात्री

पावसाळा सरता सरता गुलाबाचं झाड फसवं दिसतं. चार महिने पाणी पिऊन फांद्या हात हात वाढलेल्या, शेंड्यांना कोवळी तांबूस पालवी. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, काय तरारलंय! वाकून पाहिलं की खालच्या पानांवर काळे ठिपके, कडेने पिवळेपणा, आणि उंच टोकाला एखादं विसविशीत फूल, दुपारपर्यंत गळून जाणारं. ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागलं की या झाडाचं पाणी तोडायचं. जमिनीत लावलेलं असेल तर आठवडाभर ताण द्यायचा, बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलवून वरची मुळं उन्हाला दाखवायची. कुंडीतल्या झाडाला इतकं सोसत नाही, त्याचं पाणी नुसतं कमी करायचं. आणि मग कात्री.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून दर वर्षी तेच विचारतात, "अहो, चांगल्या हिरव्यागार फांद्या! हात तरी कसा धजतो तुमचा?"

हात धजतो, कारण गुलाबाचं फूल जुन्या फांदीला फारसं ओळखत नाही. ते येतं नव्या फुटीच्या टोकाला. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. पुन्हा पुन्हा फुलण्याची खोड त्यांना लागली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे पोचलेल्या चिनी गुलाबांमुळे. त्या सोयरिकीतून पुढे 1867 मध्ये 'ला फ्रान्स' आला आणि आज आपल्या अंगणात असतात त्या मोठ्या, टोकदार कळीच्या हायब्रीड टी गुलाबांची गणती तिथून सुरू झाली, असं मानतात. तेव्हा फूल हवं असेल तर झाडाला फुटायला भाग पाडणं आलं. छाटणीपासून साधारण पंचेचाळीस दिवस. ऑक्टोबरच्या मध्यावर कात्री चालवली तर मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घटापाशी ठेवायला घरची फुलं मिळतात. एरवी त्या दिवसांत बाजारातले भाव विचारू नयेत.

कात्री चालवण्याआधी मी बराच वेळ नुसता बघत बसतो. पान जिथे फांदीला चिकटतं, त्या बेचक्यात बाजरीच्या दाण्याएवढा लालसर फुगीर डोळा असतो. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडायचा, म्हणजे नवी फांदी झाडाच्या पोटात न शिरता मोकळ्यावर जाईल. त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट्या अंगाला. कापलेल्या तोंडाकडे निरखून बघायचं. गाभा पांढरास्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी दिसला तर मर आत उतरलेली असते, मग आणखी खालचा डोळा, गरज पडली तर त्याच्याही खालचा. मोठ्या कापांवर मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा. इतकं करूनही एखादी फांदी शेंड्याकडून काळी पडत येतेच. तिची समजूत घालत बसण्यात अर्थ नसतो.

खरी पारख मात्र जमिनीलगत होते. रोपवाटिकेतून आणलेला गुलाब एकटा नसतो. खाली रानटी जातीचा चिवट खुंट, वर त्याच्या सालीत भरलेला आपल्या आवडीचा डोळा. जोडाच्या खालून कधी तरी सरळसोट, जोमदार फुटवा निघतो. आपला गुलाब हिरमुसलेला आणि हा मात्र दिवसागणिक बोटभर वाढणारा. नवखे लोक हरखून जातात. त्याला कात्री लावली तर तो दुप्पट होऊन येतो; माती बाजूला करून, बुडाशी धरून खाली ओढूनच काढावा लागतो. ज्याच्या मुळांवर सगळा डोलारा उभा, त्याचंच डोकं दर वेळी उपटायचं, हे मला अजूनही थोडं खटकतं.

पण या डोळ्याचा प्रवास मोठा विलक्षण. बी पेरून तोच गुलाब पुन्हा मिळत नाही. नवं बी म्हणजे नवाच गुलाब. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ यांनी तयार केलेल्या पिवळ्या-गुलाबी गुलाबाचे डोळे दुसरं महायुद्ध पेटता पेटता देशाबाहेर गेले, आणि युरोपातली लढाई संपत असताना, 1945 मध्ये, अमेरिकेत त्याचं 'पीस' असं बारसं झालं. जगभरातली 'पीस'ची झाडं म्हणजे त्याच एका रोपट्याचे पुढे पुढे गेलेले डोळे. आपल्याकडे घरोघर दिसणारा लाल 'ग्लॅडिएटर' असाच. आपल्याकडचे गुलाबवेडेही काही कमी नव्हते. गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी हौसेने गुलाबाच्या पुष्कळ जाती काढल्या. त्यांतल्या एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभांचं नाव दिलं.

आमच्याकडे विहिरीच्या कडेला एक गावठी गुलाबही आहे. याला ना खुंट, ना नाव. फांदी खोचली की लागते. फुलं लहान, दुसऱ्या दिवशी पाकळ्या खाली. पण गुलकंदाच्या बरणीत पडायची योग्यता याचीच. मोठ्या देखण्या गुलाबांना वास विचारला तर बरेच जण गप्प बसतात.

कळी उमलायच्या बेताला आली की तिच्याखालची पाच हिरवी दलं बघावीत. बहुतेक गुलाबांत दोन दलांना दोन्ही कडांना झालर, दोन अगदी सफाचट, आणि पाचव्याला एकाच बाजूला झालर. कळीत ती एकमेकांवर अशी मिटलेली असतात की जी कड झाकली जाते, तिला झालर येत नाही. युरोपात यावर पाच भावांचा एक जुना लॅटिन उखाणा आहे, दाढीवाल्या आणि बिनदाढीच्या भावांचा.

फूल द्यायचं झालं तर पाच पर्ण्यांचं पहिलं भरदार पान बघून त्याच्या वर काप घ्यायचा, म्हणजे तिथूनच पुढची फूट येते. नुसतं मुंडकं खुडलं की खाली लुकड्या काड्या सुटतात. काकूंना हे आता इतकं पाठ झालंय की नातू फुलाला हात घालतो तेव्हा कुंपणापलीकडून मला त्यांचाच आवाज ऐकू येतो, "अरे, ओढू नकोस! आधी पान मोज आणि काकांची कात्री माग."