लॅपटॉप हाय का इस्त्री?

पुण्यातल्या एसी शोरूममध्ये मी त्याच्यावर फिदाच झालो होतो. पातळ काळी बॉडी, कीबोर्डखाली रंगीत दिवे, १४४ हर्ट्झचा स्क्रीन... हप्त्यांवर उचललाच! मे महिन्यात परतवाड्याला नेला. धाकट्यालाही कॉलेजसाठी अस्साच हवा होता आणि बाबा संत्र्याच्या पैशातून घेऊनही देणार होते.

बाहेर ४४ अंश. गेम सुरू करून दहा मिनिटं झाली नाहीत, तोच पंखे असे घोंघावले की बाबा उठून आले. कीबोर्डला हात लावून म्हणाले, "हा लॅपटॉप हाय का इस्त्री?"

आता बघा, प्रोसेसर शंभरीकडे तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यात पातळ बॉडीत हवेला जागा कमी आणि आत ओढायची हवाच तापलेली. ९० फ्रेम्स थेट ४० वर! (मी तो गादीवर ठेवून खालची जाळी बंद केली होती, हेही खरं.) मागच्या बाजूला दोन पुस्तकं सरकवून उचलला, तेव्हा कुठे साठेक मिळाल्या. तेवढ्यात लाइन गेली. बॅटरीवर तर ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोर लावतच नाही.

"जाड, दिसायला साधा घे," मी धाकट्याला म्हटलं.

तो माझ्या रंगीत दिव्यांकडे बघत होता. "मंग तू कायले घेतला?"