थडग्यावरच्या तीन कड्या

अमेरिकेतील ओहायो, इंडियाना, आयोवा यांसारख्या राज्यांच्या लहान गावांतील जुन्या दफनभूमीत अनेक थडग्यांवर एकमेकींत गुंतलेल्या तीन कड्या कोरलेल्या आढळतात आणि त्यांत पुष्कळदा मैत्री, प्रेम व सत्य या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरेही असतात. ‘ऑड फेलोज’ या बंधुमंडळाची ही खूण कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यास नाव-तारखांइतकीच मोलाची वाटते, कारण मृत व्यक्तीची ऊठबस कोणांत होती आणि तिच्याविषयीचे दप्तर कोठे शोधावे, या दोन्हींचा माग तिच्यावरून लागतो.

मराठीत ‘लॉज’ म्हटले की प्रवाशांची उतरण्याची जागा आठवते. येथे मात्र त्या शब्दाचा अर्थ शपथ, सांकेतिक खुणा आणि ठरीव विधी यांनी बांधलेल्या बंधुमंडळाची स्थानिक शाखा असा आहे. इंग्लंडमधून आलेल्या ऑड फेलोजची अमेरिकेतील शाखा थॉमस वाइल्डी याने २६ एप्रिल १८१९ रोजी बाल्टिमोर येथे स्थापन केली आणि आजाऱ्याची विचारपूस, अडलेल्यास मदत, मृताचे दफन व अनाथांचे शिक्षण ही चार कर्तव्ये तिने सभासदांवर सोपवली. सरकारी सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ मध्ये झाला. त्यापूर्वी अंथरुणाला खिळलेल्या सभासदाला लॉजच्या वर्गणीतून साप्ताहिक भत्ता मिळे आणि रात्री त्याच्या उशाशी बसण्यासाठी सभासदांच्या पाळ्या लावल्या जात. पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे १८६८ मध्ये निघालेल्या ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’ या मंडळाने सभासदाच्या मृत्यूनंतर प्रत्येकाकडून एक डॉलर गोळा करून त्याच्या कुटुंबाला देण्याची रीत घातली आणि बंधुमंडळांच्या आयुर्विम्याचा पाया तिच्यातूनच घातला गेला.

या व्यवहारामुळेच लॉजला चोख हिशेब ठेवावा लागला आणि आज वंशसंशोधकाला त्याचाच आधार होतो. १८९० च्या जनगणनेची बहुतांश कागदपत्रे १९२१ च्या आगीमुळे हातची गेल्याने १८८० ते १९०० या दोन दशकांत कुटुंबाचा धागा वारंवार तुटतो. अशा वेळी प्रवेश-अर्जातील वय व व्यवसाय, शिफारस करणाऱ्याचे नाव, वर्गणीच्या खात्यातील नोंदी आणि ‘डिमिट’ म्हणजे सभासदाला एका लॉजमधून मुक्त करणारा दाखला यांवरून त्याचे स्थलांतर जुळवता येते. डिमिटची तारीख आणि दुसऱ्या गावच्या लॉजमधील प्रवेशाची तारीख शेजारी ठेवली की घर केव्हा हलले याचा अंदाज बांधता येतो.

अर्थात लॉजचे दार सर्वांना उघडे नव्हते, आणि हे विसरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. स्त्रियांसाठी ऑड फेलोजने १८५१ मध्ये ‘रिबेका’ ही स्वतंत्र पदवी निर्माण केली. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या लॉजमध्ये प्रवेश नाकारला जात असल्याने बॉस्टनच्या प्रिन्स हॉल याने १७८४ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजकडून, म्हणजे मध्यवर्ती मंडळाकडून, ‘फ्रीमेसन’ या दुसऱ्या बंधुमंडळाच्या स्वतंत्र लॉजची सनद मिळवली, तर कृष्णवर्णीय ऑड फेलोजची वेगळी संघटना १८४३ मध्ये उभी राहिली. म्हणून एका दप्तरात नाव सापडले नाही, तर दुसरे दप्तर धुंडाळल्यावाचून शोध थांबवणे योग्य नव्हे.

महामंदी, सरकारी मदत, नोकरीबरोबर मिळणारा विमा आणि घरबसल्या करमणूक यांमुळे विसाव्या शतकात अनेक लॉज ओस पडले. मुख्य रस्त्यावर खाली दुकान आणि वर सभागृह अशा बेताने बांधलेल्या त्यांच्या इमारती विकल्या गेल्या. काही दप्तरे राज्याच्या ग्रँड लॉजकडे किंवा स्थानिक इतिहास-संस्थेकडे पोचली, काही रद्दीत गेली. उरलेली जपणे निकडीचे आहे, कारण जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी सरकारदरबारी कधी ना कधी सापडू शकतात. परंतु तापाने फणफणलेल्या शेजाऱ्याच्या उशाशी रात्रभर कोण बसले, हे लॉजच्या वहीखेरीज क्वचितच कोठे लिहिलेले असते.