दोन फर्लांगांसाठी प्रवास

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता आमच्या उमरग्यावरून जातो. त्या रस्त्यावर रात्री मोटारींची पैज लागली आणि तींत आमचा पुतण्याही होता, हे कळले तेव्हा आम्ही त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. उसाच्या हंगामांत मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या ह्याच वाटेने चालतात. अशाच एकीवर आदळून आमचा एक विद्यार्थी गेला. तो पहिल्या बाकावर बसे. सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम आम्ही पुतण्यास वाचून दाखविले. तो म्हणाला, “काका, मग जिथे हे रीतसर चालते तिथे एकदा चला.”

नळदुर्ग, सोलापूर, पुणे मागे टाकीत आम्ही लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर पोहोचलो. गाडी फोर्ड कंपनीची मस्टँग. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळावरचा मोकाट घोडा. ही गाडी तिकडे १९६४ साली निघाली, आपल्याकडे २०१६ साली विक्रीस आली. पुतण्याने ती वापरलेली घेतली होती, पण तींत एका खिळ्याचाही फेरफार केला नव्हता. ज्या गाडींतून आम्ही फराळाचा डबा मांडीवर घेऊन गेलो, तीच सामान उतरवून धावावयाची होती.

अंतर अवघे पाव मैल, म्हणजे दोन फर्लांग. एवढ्यासाठी इतका प्रवास, असे आमच्या मनांत आलेच. परंतु गंमत आरंभींच आहे. सुमारे चारशे अश्वशक्ती मागच्या दोन चाकांवर येते. पाय अधीरपणे दाबला की चाके जागीच गरगरतात, रबर जळते आणि शेजारचा निघून जातो. घोडा उधळू न देता सोडणे, हीच सारी विद्या. पुढे दीपमाळेसारखा दिव्यांचा खांब असतो; पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. घड्याळ मात्र हिरव्या दिव्याबरोबर नव्हे, गाडी रेषेवरून हलली की सुरू होते. त्यामुळे कमी वेळ घेणाराही उशिरा निघाल्यास हरतो.

आमचा पुतण्या असाच हरला. त्याची वेळ तेरा सेकंदांच्या आसपास, प्रतिस्पर्ध्याहून सरस. पण तो निघालाच उशिरा. शेवटच्या रेषेपुढे गाडी थांबावयास पुष्कळ मोकळी पट्टी होती. ती पाहून आमचा जीव खाली पडला. उशीर का केलास, असे विचारले तर हसून म्हणाला, “काका, तुम्ही कुंपणाला इतके घट्ट धरून उभे होतात, तिकडेच लक्ष गेले.”

परततांना उमरग्याच्या अलीकडे रात्र झाली. पुढे एक उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. पुतण्याने वेग उतरविला आणि आपले दिवे लुकलुकत ठेवून गाव येईपर्यंत तिच्या मागोमाग गाडी चालविली. आम्ही डबा उघडून उरलेला चिवडा त्याच्यापुढे धरला.