तीस हात दोर

इंदूरहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. महू आणि मानपूर मागे पडले की रस्ता विंध्याचा उतार धरतो, माळव्याची गार हवा वरच राहते आणि निमाडचे कोरडे ऊन अंगाला झोंबू लागते. आपली मराठी मंडळी तेथे जातात ती बहुधा अहिल्याबाईंच्या ओढीने. इ. स. १७६७ ते १७९५ या काळात त्या साध्वीने जेथून राज्य केले तो वाडा पाहावा, राजराजेश्वराचे दर्शन घ्यावे, अहिल्येश्वराच्या देवळावरून उतरून घाटावर बसावे आणि परतताना घरच्यांसाठी माहेश्वरी साडी घ्यावी, असा सर्वांचा क्रम असतो. माझाही तोच आहे. परंतु घाटावर पोहोचल्यावर माझी नजर आधी जाते ती पाण्याला टेकलेल्या शेवटच्या पायरीकडे. ही सवय मला सोळाव्या वर्षी लागली.

ते १९८७ साल. वार्षिक परीक्षा संपवून मी मामांकडे महेश्वरला गेलो होतो. पोहणे मला येत होते, म्हणजे मला तसे वाटत होते. इंदूरजवळच्या एका मळ्यातील विहिरीत पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून शिकलेली ती विद्या. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि नदीचे क्षणभरही थांबत नाही, एवढा साधा भेदही तेव्हा ध्यानी आला नव्हता. मामांनी मला घाटावरच्या एका वृद्ध केवटाच्या हवाली केले. त्यांना सगळे 'दाजी' म्हणत. पर्वणीच्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या यात्रेकरूंवर लक्ष ठेवण्यासाठी दाजी दर उन्हाळ्यात पाचसहा मुले तयार करीत. गणवेश नाही, शिट्टी नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. सकाळच्या सरावानंतर मूठभर चणे आणि गुळाचा खडा मिळे. मी मामांचा भाचा, म्हणून साऱ्या घाटाचा 'भाणेज' झालो.

पहिला आठवडा दाजींनी आम्हांला पाण्यात उतरूच दिले नाही. अहिल्या घाटाच्या पायऱ्यांवर बसायचे आणि नदी वाचायची. एक द्रोण पाण्यात सोडून ते विचारीत, "सांगा, हा कुठे जाईल?" समोर नदीच्या मध्यावर बाणेश्वराचे लहानसे देऊळ आहे, ती आमची खूण. आमची उत्तरे बहुतेक वेळा चुकत. हळूहळू उमगले, की जेथे पाणी काचेसारखे गुळगुळीत दिसते तेथे ते खोल आणि ओढीचे असते. जेथे बारीक सुरकुत्या पडतात तेथे खडक जवळ असतो. आणि जेथे वाहती फुले मागे वळून गिरक्या घेतात तेथे भोवरा असतो. पाण्याखालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि कोठेतरी एकाएकी संपतात. बुडणारे बहुतेक लोक भर धारेत नव्हे, त्या शेवटच्या पायरीवरून जातात, असे दाजी सांगत.

दुसरा धडा माणसे वाचण्याचा. बुडणारा मनुष्य हात वर करून 'वाचवा, वाचवा' असे ओरडतो, हा आपला समज चित्रपटांनी करून दिलेला आहे. प्रत्यक्षात त्याचे तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत असते. श्वास घ्यायलाच उसंत नसते, मग हाक कोठली? मान मागे कललेली, दोन्ही हात कडेला पसरून पाणी खाली दाबणारे, जणू न दिसणाऱ्या शिडीवर चढू पाहत आहे. हे सारे मिनिटाच्या आत आटोपते, तेही निःशब्दपणे. "जो ओरडतो आहे त्याच्याकडे पाहा, पण जो एकदम गप्प झाला त्याच्याकडे धावा," हे दाजींचे निमाडीतले सांगणे मी मराठीत देत आहे.

मग पाण्यात उतरण्याचा दिवस आला, पण तेथेही दाजींनी क्रम घालून दिला. आधी आवाज द्यावा, मग काठी पुढे करावी, मग दोर फेकावा, मग होडी न्यावी. स्वतःचा देह सर्वांत शेवटी. कारण बुडणारा जे हाती लागेल त्याला मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोन जीव जातात. दाजी स्वतः बुडणाऱ्याचे सोंग घेऊन आम्हांला कवटाळीत. त्या म्हाताऱ्याच्या मिठीतून सुटणे आम्हां पोरांना जमेना. शेवटी त्यांनीच युक्ती सांगितली : वर यायची धडपड करू नका, खाली बुडी मारा, बुडणाऱ्याला खाली जायचे नसते, तो आपणहून सोडतो. जवळ जायचे ते पाठीमागून, काखेत हात घालून हनुवटी पाण्याबाहेर ठेवायची, आणि धारेशी भांडायचे नाही. तिच्याबरोबर तिरपे जात काठ गाठायचा.

एके दिवशी ते आम्हांला पश्चिमेला सहस्रधारेवर घेऊन गेले. तेथे काळ्या खडकांतून नर्मदा असंख्य धारांनी फुटून वाहते. पाहायला डोळे पुरत नाहीत, पण दाजींनी पाय भिजवायचीही मनाई केली होती. खडकाच्या फटीत पाय अडकला की वरचे पाणी माणसाला आडवे करते. वाहत गेलातच तर उताणे व्हा, पाय पुढे आणि बोटे वर ठेवा, एवढेच काठावर बसून शिकवले.

माझ्याकडे काम आले दोराचे. तीस हात लांबीचा सुती दोर, टोकाला वाळलेला तुंबा बांधलेला. रोज पहाटे तो पूर्ण उलगडायचा, भिजवायचा आणि सैल वेढ्यांनी पुन्हा वळून ठेवायचा. ओला दोर जड होतो, म्हणून लांब जातो. तुंबा बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे पडला पाहिजे, म्हणजे ओढताना दोर त्याच्या हाताला लागतो. दोर पकडला गेला की फेकणाऱ्याने खाली बसून पाय रोवायचे. पुढचे काम धार करते, माणूस आपसूक काठाकडे झुलत येतो.

पर्वणीच्या दिवशी घाट पहाटेपासून फुलला. ती गर्दी, ते नवे लुगडे नेसलेल्या बायकांचे घोळके मी पाहतच राहिलो, आणि दोर उलगडून वळायचे राहून गेले. कालचा होताच की वळलेला, असे मनाशी म्हटले. दुपारी कोठल्याशा आतल्या खेड्यातील दोन भाऊ स्नानाला उतरले. थोरला शेवटच्या पायरीवरून घसरला. धाकट्याने क्षणाचाही विचार न करता उडी टाकली. त्याला पोहता येत नव्हते. मी दोर फेकला. मध्येच गाठ बसली आणि तुंबा दहा हात अलीकडे पडला. दोर ओढून घेतला, गाठ सोडवली, पुन्हा फेकला. थोरल्याच्या हाती तो लागला. धाकटा दिसेनासा झाला होता. दाजी होडी घेऊन आले, वारंवार बुड्या मारल्या. तो सापडला तेव्हा पाव तास उलटून गेला होता. त्या काळी जे ठाऊक होते, पालथे निजवून पाठ दाबणे, ते सर्व केले. उपयोग झाला नाही. थोरला भाऊ तुंबा छातीशी धरून बसला होता. संध्याकाळपर्यंत त्याने तो सोडला नाही.

दाजी मला एक शब्दही बोलले नाहीत. रात्री मी रडू लागलो, तेव्हा म्हणाले, "भाणेज, धाकटा तुझ्या पहिल्या फेकीआधीच गेला होता." ते खरे होते, की एका पोराचे मन राखण्यासाठी बोललेले होते, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मग त्यांनी दोर माझ्यापुढे ठेवला. "उद्या पहाटे तूच वळ." उरलेली सुट्टी मी रोज वळला.

आता नदी तीच राहिलेली नाही. बर्गीचे धरण १९९० मध्ये पुरे झाले. पुढे इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर झाले. उन्हाळ्यातही पाणी एकाएकी चढू शकते. एप्रिल २००५ मध्ये अमावास्येच्या यात्रेला धाराजी येथे वरून सोडलेल्या पाण्यात अनेक यात्रेकरू वाहून गेले, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा नुसती नदी वाचून भागत नाही, वरच्या धरणाची खबरही ठेवावी लागते. दुसरीकडे, ज्या सहस्रधारेत आम्हांला पाय भिजवायची बंदी होती तेथे २०२३ च्या आरंभी 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांतील होड्यांच्या शर्यती झाल्या. अशा खेळांत काठावरचा रक्षक दोर वळून ठेवीत नाही, पिशवीत सैल भरून ठेवतो. गाठ बसायला जागाच राहत नाही. ती पिशवी प्रथम हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही.

पालथे निजवून पाठ दाबण्याची रीतही मागे पडली. पोट दाबणे, उलटे टांगणे, मिठात पुरून ठेवणे हे तर निव्वळ घातक खुळ. श्वास थांबला असेल तर उताणे निजवून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे, आणि कोणाला तरी १०८ क्रमांकावर कळवायला सांगावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात अडतीस हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस या विषयासाठी नेमला आहे. माझ्या शाळेत पोहण्याचा तलाव नाही, व्हायची आशाही नाही. पण दोर आहे. शनिवारी मैदानावर चुन्याची रेघ मारून मुले-मुली तो बादलीत भिजवून फेकतात. गेल्या हिवाळ्यात सहलीला महेश्वरला नेले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, तुमच्या हातून कोणी वाचलं का?" मी म्हटले, "एक." तिने पुढे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आज येथे सांगितले.

दाजी आता नाहीत. वाचकहो, महेश्वरला जाल तेव्हा अहिल्याबाईंच्या गादीला माझाही नमस्कार सांगा. होडीत बसण्यापूर्वी मात्र नावाड्याला दोर दाखवायला सांगा, आणि तो पहाटे उलगडला होता का, तेही विचारा. तो हसेल. हसू द्या, पण विचारा.