पूरग्रस्तांना काय द्यावे?

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली, पलूस पाण्याखाली गेले. आमच्या आटपाडीत त्याच वर्षी उन्हाळ्यात टँकर आणि चारा छावण्या होत्या! तरी वस्तीतून मदत गोळा करायचे ठरले. आधी जुन्या साड्यांचा ढीग आला. तो आम्ही परत केला. दुसऱ्याचे उतरलेले नेसणे, शिळे खाणे आमच्या आजी-पणजीने सोसले आहे. तेच पूरग्रस्तांच्या पदरात कसे टाकावे? चूल भिजलेल्या घरी पीठ तरी काय कामाचे? म्हणून पहिल्या खेपेला चुरमुरे, फुटाणे, गूळ, काडेपेट्या, मेणबत्त्या दिल्या. पाणी ओसरल्यावर ज्वारी, तूरडाळ, तेल, फिनेल. सॅनिटरी पॅड सुनांनी यादीत लिहिले. (पुरुष मंडळींना ते सुचले नसते.) एका मजूर माउलीने मिठाचा एकच पुडा आणला. तोही गाडीत चढवला.