शेवटापासून सुरुवात

रात्री पुन्हा 'डोनट्स' लावला. जे डिला, डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता. ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या ३२व्या वाढदिवशी, अल्बम आला आणि तीन दिवसांत आजारानं डिला गेला. ३१ तुकडे, बहुतेक दीडेक मिनिटाचे. जुन्या सोल रेकॉर्डमधला एखादा आवाज कापून तो असा फिरवतो की शब्द अर्धाच राहतो, हुरहुर मात्र पुरी लागते. पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो', शेवटच्याचं 'इंट्रो'! समीक्षकांनी तेव्हाही वाखाणला, पुढे तर अभिजात ठरवला. पण बरेच जण त्यात मृत्यूच शोधत बसतात. मला नाही पटत. आजारी माणसाचा निरोप असेलही, पण त्यातला खोडकरपणा? त्यातला सायरन अचानक वाजतो तेव्हा मी अजून दचकते.