बांधाला लागून आहे म्हणून

'बारामती-इंदापूर भागात आज जमीन कुठे घ्यावी, यावर लिहा,' असं संपादकांनी सुचवलं. मी मालमत्तेचं मूल्यांकन करतो. कुठे घ्यावी यापेक्षा कशाच्या भरात घेऊ नये, हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. त्याला कारण एक प्रकरण आहे, ते अजून मनातून जात नाही.

इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचं गाव. शेजारच्या भाऊबंदाने दोन एकर विकायला काढले. बाहेरचा कुणी बांधावर येऊन उभा राहू नये म्हणून दोघा चुलतभावांनी ते घ्यायचं ठरवलं आणि कर्जासाठी बँकेने मला पाहणीला पाठवलं. विहीर उन्हाळ्यात तळाला जाते, आवर्तन वेळेवर पोचत नाही, रस्ता फक्त वहिवाटीचा. मी काढलेल्या किमतीच्या जवळजवळ दीडपट भावाने त्यांनी खरेदीखत केलं आणि कमी पडलेल्या पैशांसाठी स्वतःच्या बागायतीवर बोजा चढवला. थोरले एवढंच म्हणाले, "साहेब, ह्या बांधासाठी आमच्या आजोबांनी हयातभर कोर्टकचेरी केली."

हिशोब मात्र असा असतो. खर्च वजा जाता एकरी वर्षाला लाख रुपये उरतात असं धरा आणि भाव एकरी पन्नास लाख. म्हणजे परतावा दोन टक्के. बँकेचं व्याज त्याच्या चौपट-पाचपट. मग लोक म्हणतात, भाव वाढेल की! भाव किती वाढेल हे मला सगळे विचारतात. आजची किंमत किती, हे कुणीच विचारत नाही, आणि माझं काम तेवढंच आहे.

लगतच्या शेतकऱ्याने गरजेपोटी मोजलेला भाव आम्ही बाजारभाव धरत नाही. तो तुकडा त्या भावाने दुसऱ्या कुणाला नकोच असतो. पण 'अमक्याची एवढ्याला गेली' ही बातमी पारावर पोचली की तोच गावाचा भाव होतो. आमच्या व्यवसायातला माझा जुना वाद यावरूनच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरवताना मागच्या तीन वर्षांतली त्या परिसरातली खरेदीखतं घेतात आणि त्यांतल्या चढ्या दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढतात. ईर्ष्येने झालेलं खत नेमकं या निम्म्यात जाऊन बसतं. बाजारभाव न दाखवणारा व्यवहार वगळायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण खतावर त्यामागची ईर्ष्या लिहिलेली नसते. काही सहकारी म्हणतात, नोंदला तो दर. मला ते मान्य नाही. लगतचे गट कुणाच्या नावावर आहेत, हे पाहिल्याशिवाय कुठलंही खत तुलनेला घेऊ नये.

शहरातून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. दिवाळीत उजनी धरण बहुधा भरलेलं असतं. भिगवण-पळसदेव पट्ट्यात बॅकवॉटर बघून माणूस त्याच संध्याकाळी इसार देतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी काठावरच्या प्लॉटपुढे भेगाळलेला गाळ असतो आणि पाणी लांब गेलेलं असतं. शिवाय प्लॉट आणि पाणी यांच्यामधली जमीन बऱ्याच ठिकाणी धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे शासनाची असते. एजंट हे सांगत नाही.

नुसत्या बातमीवर घेणारेही आहेत. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ मध्ये झाली, २०२१ मध्ये जागा बदलून रिसे, पिसे, पांडेश्वरकडे नेण्याचा प्रस्ताव आला आणि पुढे तो बारगळून पुन्हा मूळच्या गावांचं नाव आलं. नकाशावरची रेघ हलली की तिच्या भरवशावर दिलेले पैसे अडकून पडतात.

तरीही 'भावना बाजूला ठेवा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडतं, आणि माणसं तिथे जातात. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांना जमिनीची ओढ सोडा म्हणायचा मला अधिकार नाही. मी एवढंच सांगतो: शेताची किंमत आणि ओढीची किंमत कागदावर वेगवेगळी लिहा. दुसरी किंमत फक्त शिलकीतून द्या. तिच्यासाठी कर्ज नको, आणि तिला गुंतवणूकही म्हणू नका. त्या चुलतभावांना मी हे बोललो होतो. ऐकायला ते तयार होते की नाही, मला सांगता येणार नाही.

यंदा सुट्टीत एखादी जमीन मनात भरली, तर लगेच इसार देऊ नका. सातबाऱ्यावरचे इतर हक्क वाचा, जुने फेरफार काढा, मोजणी मागवा, आणि कर्जाचा हप्ता त्या जमिनीच्या उत्पन्नातून निघतो का, हे घरच्या सगळ्यांसमोर मांडून बघा.